चाळीस वाकडी झाडं

रापिआ पानाचा डबा घेऊन माझ्या पायरीवर उभी राहिली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी वाकडं आहे. आमच्याकडे बोलावणं लग्नाचं असो नाहीतर भांडणाचं, आधी पान पुढे करायचं असतं. आणि रापिआच्या घरात लग्नाचं कुणी उरलेलं नव्हतं.

"ये, बस. चहा टाकते," मी म्हटलं.

"चहा राहू दे. पान घे."

पान घेतलं. घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर बोलण्याआधीच हरल्यासारखं होतं. रापिआ माझी मावसबहीण. आमच्यात कूळ आईचं चालतं, म्हणून तिचं माझं कूळ एक, जमीन एक, आणि दातुकही एक. दातुक म्हणजे कुळाचा कर्ता पुरुष. तो तिसऱ्या मावशीचा मुलगा. लहानपणी त्याचं नाक मी पुसलेलं आहे, पण चारचौघांत त्याला 'दातुक' आणि 'तुम्ही'च म्हणायचं.

"शमसिनार," रापिआ चुना बोटानं चोळत म्हणाली, "वरचा उतार तुझ्या हातून गेला बघ. जंगल झालंय त्याचं. जंगल झालेली जमीन कुळाकडे परत जाते, हे काय मी तुला शिकवायचं? दातुकांना मी पान दिलंय. शुक्रवारी नमाजानंतर सगळे वर येऊन बघणार आहेत. माझ्या रिझालला तिथं आलं लावायचंय."

"जंगल झालंय? कोण म्हणतं असं?"

"तू."

"मी?"

"तूच की! दर गुरुवारी बाजारात कोण म्हणतं? 'आमचे जावईबापू फार मोठे शेतकरी, ते जंगल पिकवतात!' मिरचीवाली साक्षीला आहे, मासेवाली साक्षीला आहे. तुझ्याच तोंडचे शब्द मी दातुकांना सांगितले. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही."

आणि उठली, पदर सावरला, निघून गेली. मी तशीच बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेरा वर्षं ज्या जिभेनं जावयाची चेष्टा केली, त्याच जिभेनं माझ्या नातींची जमीन घालवायला काढली होती.

आता जावयाबद्दल सांगते. त्याचं खरं नाव मी घेत नाही, घ्यायचं नसतं. लग्नात त्याला किताब मिळाला, 'सुतान'. तेव्हापासून घरात तो सुतान. तोंडावर 'तुम्ही', पाठीमागे 'तो'. आमच्याकडे लग्न झालं की मुलगा मुलीच्या घरी राहायला येतो, आणि मरेपर्यंत पाहुणाच राहतो. मोठी माणसं म्हणतात, जावई म्हणजे ओंडक्यावरची राख, फुंकर मारली की गेला. घर बायकोचं, जमीन बायकोच्या कुळाची, पोरंसुद्धा बायकोच्या कुळाची. त्याचं काय? अंगावरचे कपडे आणि कोयता.

हा सुतान डोंगरापलीकडच्या गावचा. कमी बोलणारा. जेवायला बसला की ताटात वाढलेलं तेवढं खायचा, हात धुवायचा, उठायचा. तेरा वर्षांत दुसऱ्यांदा भात मागितला असेल तर शपथ. माझी मुलगी येल्मी म्हणायची, "अमाक, जरा आग्रह कर ना!" अमाक म्हणजे आई. मी म्हणायचे, "तोंड आहे ना त्याला? मागेल." तो काही मागायचा नाही.

तेव्हा त्या उतारावर आम्ही शाबूकंद आणि मिरची लावत होतो. उतार कसला, घसरगुंडीच. दर पावसाळ्यात वरची माती खाली आमच्या भातखाचरात, आणि खाचरातली मनिंजाऊच्या तळ्यात. आमची अर्धी जमीन तळ्यातल्या माशांनी खाल्ली. तरी दरवर्षी तेच पीक. का? आईनं लावलं, आजीनं लावलं, म्हणून. दुसरं डोंबल कारण नाही.

लग्नाला वर्ष होतंय तोच सुताननं मिरचीच्या मधे मधे दालचिनीची रोपं लावली. गुडघ्याएवढी, चाळीस. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. आणि माझ्या डोक्यात सणक गेली, कारण आमचा रिवाज असा आहे: जमीन कुळाची, पण झाड ज्यानं लावलं त्याचं. मिरची लावली, काढली, संपलं. झाड मात्र उभं राहतं, आणि लावणाऱ्याचा हक्क घेऊन उभं राहतं. मी म्हटलं, ही राखेची चिमूट आता मूळ धरायला बघतेय. आज चाळीस झाडं, उद्या म्हणेल उतार माझा.

एके सकाळी तो आईला भेटायला गावी गेला होता. मी पदर खोचला, वर गेले, आणि खालच्या अंगाला उभी राहून एकेक रोप धरून उपटलं. चाळीसच्या चाळीस. तिथंच फेकली आणि घरी येऊन भात टाकला. हाताला दालचिनीचा वास होता, तो दोन दिवस जाईना.

संध्याकाळी सुतान आला, वर जाऊन आला. मी तयारीतच होते. म्हटलं, भांडू दे, मग मी आहे आणि तो आहे. तो काही बोलला नाही. ताटात होतं तेवढं खाल्लं, हात धुतले. माझ्यासारखीला याच्याइतकी शिक्षा नाही. भांडणारा माणूस परवडला, गप्प बसणारा फार छळतो.

दोनच महिन्यांत माझी थोरली नात झाली. त्याच दिवशी हा माणूस दुरियनचं, म्हणजे फणसासारख्या काटेरी फळाचं, रोप खांद्यावर घेऊन निघाला. मी दारातच अडवलं.

"आता हे काय?"

तेव्हा तो पहिल्यांदा चार वाक्यं सलग बोलला. "अमाक, मी राख. मला ठाऊक आहे. माझ्या आईची जमीन माझ्या बहिणीच्या पोरांना जाईल, तो रिवाज आहे, माझी तक्रार नाही. पण या पोरीला घर आईचं, कूळ आईचं, जमीन आईची. बापाचं म्हणून काय? मी लावलेलं झाड तेवढं माझं, म्हणजे उद्या तिचं. आणि ती तर तुमच्याच कुळाची."

मला उत्तर सुचलं नाही. मला! मी बाजूला झाले. पण उत्तर सुचलं नाही याचा राग मी सोडला नाही. त्या दिवसापासून उतारावर पाऊल टाकलं नाही, आणि बाजारात म्हणायला लागले, "आमचे जावईबापू जंगल पिकवतात." लोक हसायचे. लोक हसले की माझी जीभ अजून सुटायची. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तर लगामही नव्हता.

तर रापिआ गेली आणि मी हे सगळं आठवत बसले होते. येल्मी आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. डोळे लाल.

"अमाक, आता खूश? ते शुक्रवारी तिथं उभे राहतील, पण बोलू शकणार नाहीत. कुळाच्या बैठकीत जावयाला तोंड नाही. मी त्यांची बायको, माझी साक्ष म्हणजे त्यांचीच साक्ष. दातुक ऐकणार नाहीत. बोलायचं तर तुलाच बोलावं लागेल. आणि तू तर तिथं बारा वर्षं फिरकली नाहीस!"

"मग उद्या फिरकते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बाजार चुकवला. जन्मात पहिल्यांदा असेल. सुतान पुढे, मी मागे, गुडघ्यांना शिव्या देत. खालच्या रस्त्यावरून पाहिलं आणि माझाच धीर सुटला. गच्च हिरवं. वेली, नेचे, हे एवढाले शेंडे. रापिआचं काय चुकलं? जंगलच होतं की.

"सुतान," मी म्हटलं, "निदान खालचं गवत तरी कापायचं होतं. चार लोकांना दिसलं असतं काहीतरी."

"नेचे माती धरून ठेवतात, अमाक."

"लोक आळशी म्हणतात तुम्हाला."

"म्हणू दे."

आत शिरलो. बाई गं! बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत गारवा. पायाखाली मऊ, काळी माती, मूठभर उचलली तर चुरमुऱ्यासारखी सुटी. चढायला दगडी पायऱ्या रचलेल्या. खाली कॉफीची झुडपं, लाल फळांनी लगडलेली. त्यांच्यावर जायफळ. त्याच्यावर दालचिनी. मधून दुरियनची उंच खोडं, आणि पार कडेला, वाऱ्याच्या बाजूला, बायुरची, इमारती लाकडाची सरळसोट झाडं. एकाखाली एक, चार मजले.

सुतान एकेका झाडाला हात लावत चालला होता आणि बोलत होता. हा माणूस बोलत होता! घरात नसेल इतकं तिथं बोलला.

"कॉफी घरखर्चाला. जायफळ वर्षभर थोडंथोडं देतं, शाळेचं भागतं. दालचिनी नड आली की सोलायची, नसेल नड तर उभी राहू दे, साल जाडच होते. हा दुरियन थोरलीचा, तो धाकटीचा. आणि ते बायुर..." तो थांबला. "घराचे मागचे खांब वाळवीनं पोखरलेत. अजून सात-आठ वर्षांत बायुर तयार होतील. विकत लाकूड आणावं लागणार नाही."

"कुणाचे खांब?"

"तुमच्या घराचे, अमाक."

ज्या घरात हा तेरा वर्षं पाहुण्यासारखा अंग चोरून जेवला, त्या घराचे खांब त्यानं लावून ठेवले होते. आणि हो, आणखी एक. सहा-सात वर्षं झाली, आमच्या खाचरात वरची माती आली नव्हती. दरवर्षी टोपल्या टोपल्या उपसायचो ते बंद झालं होतं. मला वाटायचं, माझ्या नमाजाला फळ आलं. कप्पाळ माझं!

मग ती झाडं दिसली. दालचिनीची, जुनी, मांडीएवढी जाड. पण सगळी बुंध्याशी वाकडी. जमिनीतून वरच्या उताराकडे कलून निघालेली आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर वळून सरळ झालेली.

"ही अशी का?"

"वारा," सुतान म्हणाला आणि कोयत्याची धार बघायला लागला.

"सगळी एकाच अंगाला? वारा काय पलटणीत होता? डावं-उजवं करत आला?"

तो गप्प. आणि त्या गप्प बसण्यातून मला कळलं. मी खालच्या अंगाला उभी राहून उपटली होती, खालची मुळं तुटली होती. त्याच संध्याकाळी या माणसानं ती फेकलेली रोपं गोळा केली होती, आणि उरलेली मुळं वर डोंगराकडे दाबून, दगडाचा आधार देऊन, कलती पुरली होती. मग घरी येऊन जेवला होता. मला वाटत होतं, त्यानं दुसरी आणून लावली असतील.

"सगळी जगली?" मी विचारलं.

"सगळी," तो म्हणाला. मग एकदम वळून म्हणाला, "अमाक, उद्या हे सांगायचं नाही. दुसऱ्यानं लावलेलं जिवंत झाड उपटलं तर बकऱ्याचा दंड आहे. बकऱ्याचं काही नाही. पण तुमची शोभा होईल. रापिआमावशी जन्मभर पुरवून वापरेल."

ते मात्र खरं होतं. रापिआ असलं काही पुरवून वापरण्यात पटाईत.

शुक्रवारी नमाज झाली आणि मंडळी वर आली. दातुक काळी टोपी घालून पुढे, मागे कुळातले चार म्हातारे, धापा टाकत. रापिआ, तिचा मुलगा रिझाल. हा रिझाल जाकार्ताला सात वर्षं चपला विकून परत आलेला. हातात मोबाईल, पायात असले बूट की दोनदा घसरला. येल्मीनं चहाची किटली आणली होती. सुतान रिवाजाप्रमाणे लांब, वाटेच्या कडेला, हात बांधून उभा.

रापिआनं सुरुवात केली. बाई वकील व्हायची ती चुकून भात लावत बसली.

"दातुक, रस्त्यावरून काढलेला फोटो रिझाल दाखवेल. यात शेत कुठं दिसतं? आता म्हणाल, आत कॉफी आहे. असणारच! उदमांजर कॉफीची फळं खातं आणि जिथं बसेल तिथं पेरतं. दालचिनीचं बी पाखरं टाकतात. दुरियनच्या आठळ्या रानडुकरं पसरतात. सगळ्या डोंगरावर अशी झाडं आहेत, ती काय शमसिनारच्या जावयानं लावली? माणूस लावतो तेव्हा ओळी असतात. इथं ओळ दाखवा! जंगल आपोआप होतं, दातुक. जमिनीकडे पाठ फिरवली की जंगल होतं."

तेवढ्यात वरून धप्प आवाज झाला. दुरियन पडला, अगदी रापिआच्या मागे दोन हातांवर. म्हाताऱ्यांपैकी दोघे टुणकन उठले. गुडघे धरून चढलेली माणसं!

"बसा बसा," दातुक म्हणाले, पण नाक त्यांचंही तिकडंच होतं. मग माझ्याकडे वळले. "शमसिनार, रापिआचं म्हणणं अगदीच सोडून देता येत नाही. ओळी नाहीत, हे खरं."

"डोंगराच्या वळणानं लावलीत," मी म्हटलं, "म्हणजे माती धरून राहते. सरळ ओळी शाळेच्या वहीत असतात, दातुक."

"असेल. पण रिवाज काय सांगतो? झाड लावलेलं आहे हे कुळातल्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे. जावयाचा शब्द इथं धरत नाहीत. येल्मी त्याची बायको, तिचाही धरता येणार नाही. कुळातलं दुसरं कुणी आहे, ज्यानं यातलं एक तरी झाड लावलेलं पाहिलं?"

कोण बोलणार? सुतान तेरा वर्षं एकटाच राबला होता. मदतीला कुळातलं कुणी गेलं नव्हतं, कारण मीच सगळ्यांना हसायला लावलं होतं. रापिआच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. ते मला दिसलं, आणि मी सुतानकडे बघितलं. त्यानं हळूच मान हलवली. नको.

मी उभी राहिले.

"मी पाहिलं," मी म्हटलं.

"तू?" रापिआ म्हणाली. "तू तर बारा वर्षं वर आली नाहीस! बाजारात तूच सांगतेस फुशारकीनं."

"बारा वर्षांपूर्वीचं बोलतेय. त्याच्या आधी एकदा आले होते. पाहिलं, कारण मी ती उपटली." आता जीभ सुटली होती, आणि या वेळी मी तिला अडवलं नाही. "ऐका सगळ्यांनी. चाळीस रोपं होती दालचिनीची, गुडघ्याएवढी. या माणसानं लावलेली. मला वाटलं, जावई आमची जमीन गिळायला बसलाय. तो नसताना आले आणि या हातांनी चाळीसच्या चाळीस उपटली. चोरासारखी. आणि त्यानं त्याच संध्याकाळी तीच रोपं परत लावली. मला एक शब्द बोलला नाही. दातुक, जरा उठा. बुंधे बघा. पाखरांनी टाकलेलं बी सरळ उगवतं. ही सगळी वाकडी का? एकाच अंगाला का? मी खालून ओढली म्हणून! अख्ख्या डोंगरावर दुसरं एक झाड असं दाखवा, मी आत्ता उतार रापिआच्या ओटीत घालते."

मग दातुक उठले. पहिल्या झाडापाशी गेले, वाकले, बुंध्याच्या वळणावरून हात फिरवला. दुसऱ्यापाशी गेले. तिसऱ्या. मोठ्यानं मोजत चालले आणि म्हातारे त्यांच्या मागे. रिझालही गेला, फोटो काढायचं विसरून. कॉफीच्या झुडपांमागून आकडे ऐकू येत होते. अठरा... सव्वीस... सदतीस... मीही मनात मोजत होते.

"एकोणचाळीस," दातुक परत येऊन म्हणाले.

"चाळीस म्हणाली होती!" रापिआ कडाडली. "बघा! भर बैठकीत चाळीस म्हणाली! एक खोटं तर सगळं खोटं!"

सुतानला तोंड नव्हतं, पण पाय होते. तो वाटेच्या कडेवरून निघाला, सगळ्यांसमोरून चालत गेला आणि एका रुंद बुडख्याशी थांबला. नेचे बाजूला केले. झाड तोडलेलं होतं, पण बुडख्यातून चार नवे कोंब माणसाच्या उंचीएवढे वर आले होते. आणि बुडखा वाकडा होता. त्याच अंगाला.

"हे कधी तोडलं?" दातुकांनी विचारलं.

सुतान माझ्याकडे बघेना. येल्मीच पुढे आली. किटली खाली ठेवली.

"दोन वर्षांपूर्वी. अमाक, तू बुकिट्टिंगीच्या दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन करायला गेलीस ना? गाडीभाडं, औषधं... मी म्हटलं होतं शिवणकामाचे पैसे साठवलेत. शिवणकाम कसलं! ह्यांनी झाड सोललं. मला म्हणाले, अमाकना सांगू नकोस, उगीच मनाला लावून घेतील."

दोन वर्षांपूर्वी मला समोरचं माणूस धूसर दिसत होतं. आता त्या बुडख्यावरची मुंगीसुद्धा दिसत होती. ज्या झाडाला मी उपटून फेकलं होतं, त्याच झाडानं मला डोळे दिले होते, आणि त्या डोळ्यांनी मी दोन वर्षं बाजारात जावयाच्या जंगलाकडे बोट दाखवत हसले होते. मी तिथंच बसले आणि रडले. हो, रडले, रापिआच्या देखत. बघू दे तिला.

दातुकांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली.

"चाळीस," ते म्हणाले. "साक्ष पुरी झाली. झाड उपटल्याचं कुणी मिरवत नाही, म्हणून मी ही साक्ष खरी धरतो. आता ऐका. जमीन कुळाची. झाडं लावणाऱ्याची. लावणाऱ्याच्या मुली कुळाच्या. म्हणजे झाडंही फिरून कुळातच आली. मग हे भांडण होतं कशाचं? उतार शमसिनारच्या घराकडे, तिच्यानंतर येल्मीकडे, तिच्यानंतर तिच्या दोन पोरींकडे. जंगल हा शब्द पुन्हा या उताराबद्दल कुणी काढायचा नाही. बाजारात तर नाहीच." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि शमसिनारला बकऱ्याचा दंड."

"एकच?" मी नाक पुसत म्हटलं. "चाळीस झाडांचं एकच बकरं? दातुक, तुम्ही लहानपणापासून हिशेबात कच्चे!"

म्हातारे खो खो हसले. एकानं तोवर दुरियन फोडलाही होता. रापिआ तणतणत खाली निघाली, पण तिचा रिझाल रेंगाळला. बूट चिखलानं माखलेले, तसाच सुतानकडे गेला.

"उदा," तो म्हणाला, थोरल्या भावाला म्हणतात तसं, "आमच्या आईचा पण एक उतार आहे. उघडाच पडलाय. आलं लावलं तर माती जाईल ना हो सगळी?"

"दोन पावसाळ्यांत," सुतान म्हणाला. "रोपं आहेत माझ्याकडे. उद्या ये. पण चपला घालून ये, हे बूट नकोत."

रापिआनं खालून हाक मारली, "रिझाल! येतोस का?" तो नाही गेला.

रविवारी बकरं कापलं. माझं लाडकं, दाढीवालं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण असं कालवण मी आयुष्यात केलं नव्हतं: आमचीच दालचिनी, आमचंच जायफळ, भरपूर नारळ, आणि मिरची इतकी की दातुकांच्या डोळ्यांतून पाणी यावं. अख्खं कूळ आलं. रापिआही आली. आली नसती तर मी जाऊन ओढून आणली असती. चटई घातली, भिंतीकडची, मोठ्या माणसांची, पाहुण्यांच्या मानाची जागा मोकळी ठेवली, आणि सुतान दाराशी बसायला लागला तसा मी त्याचा दंड धरला.

"तिथं."

"अमाक, तिथं दातुक..."

"दातुक सरकतील. सरका हो, दातुक."

दातुक सरकले. सुतान अंग चोरून बसला. मी स्वतः वाढलं. भात, कालवण, वर कालवणातलं चांगलं हाड. त्यानं खाल्लं. ताट साफ केलं. मी पातेल्यापाशी बसून बघत होते, आणि मला ठाऊक होतं आता काय होणार: हात धुवायचं वाडगं ओढेल, उठेल, राखेसारखा दारातून बाहेर.

त्यानं वाडग्याकडे हात नेला. थांबला. हात मागे घेतला, ताट पुढे सरकवलं आणि सगळ्यांसमोर, मोकळ्या आवाजात म्हणाला,

"अमाक, भात आहे का अजून?"

सगळं कूळ माझ्या तोंडाकडे बघायला लागलं. तेरा वर्षांत मी त्याला किती ऐकवलं असेल, आता काय बोलते, याची वाट बघत. मी उठले, अख्खं पातेलं उचललं आणि त्याच्या ताटाशेजारी नेऊन ठेवलं.